खोडायला सांगितलेली ओळ

नाताळच्या दिवशी दुपारी, ठाण्यात मडमच्या बंगल्यावर, मी खुर्चीवर बसले. एवढंच केलं.

समोर शास्त्रीबुवा जेवत होते. हातातला पाव त्यांनी ताटात टाकला. ताडकन उठले. मोरीवर जाऊन चूळ भरली, कोपरापर्यंत हात धुतले आणि दारातूनच म्हणाले, "मडमसाहेब, ही उठेपर्यंत मी आत येणार नाही."

हे शास्त्रीबुवा काही देवळातले नव्हेत हां. चांगली सात वर्षं झाली ख्रिस्ती होऊन. जानवं काढलेलं, शेंडी कापलेली. मडमला मराठी शिकवायचे. रविवारी प्रार्थनेत सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खोटं नाही.

मडम माझ्याकडे बघून हसली. ते हसणं मला अजून सलतं. तिनं दंडाला धरून मला उठवलं, ताट हातात दिलं आणि मागच्या पायरीकडे बोट दाखवलं. "तिथे बस, बाळ. तिथे वारा चांगला."

मी पायरीवर बसले. ताटाला हात लावला नाही. कानांच्या पाळ्या नुसत्या तापलेल्या. सतरा वर्षांची होते मी. आत सगळ्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालेलं, ताटावरची माशी हाकलल्यासारखं.

मी बसले कशी? डोकं फिरलेलं? छे. पुस्तकात वाचून बसले.

आम्ही कल्याणच्या महारवाड्यातले. बा रेल्वेच्या लाईनीवर खडी टाकायचा. मडम अमेरिकेची. वाड्यात शुभवर्तमान सांगायला यायची. तिनंच मला अक्षर शिकवलं, मग बंगल्यावर कामाला नेलं. उपकार केले, नाही कशाला म्हणू?

तिच्या मेजावर तीन पुस्तकं असायची. एक फ्रेंच बोलायला शिकवणारं. मायदेशी जाताना वाटेत फ्रान्स लागतं, तिथे आपल्या बोलण्याला कोणी हसू नये म्हणून ती रोज सकाळी घोकायची. मी अर्थ विचारायची. सगळे हुकूमच: पाणी आण, बूट पूस, खोली झाड. चाकरानं उलट काही बोलावं असं एक वाक्य त्यात नव्हतं. दुसरं पुस्तक अमेरिकेतल्या घरांचं. लोक कधी उठतात, काय रांधतात, पोरांना कसं वाढवतात. तिसरं ख्रिस्ती धर्माचं. देवापुढे सगळे सारखे, असं त्यात होतं. ऐकायला गोड. पण जेवायला कुठे बसायचं ते दुसऱ्यात लिहिलेलं, म्हणून माझा विश्वास दुसऱ्यावर जास्त.

तेच दुसरं पुस्तक मडम मराठीत आणत होती, इथल्या बायकांसाठी. ती मोडक्यातोडक्या मराठीत अर्थ सांगायची. मी आमच्या बाया बोलतात तसं वाक्य जुळवायची आणि वहीत लिहायची. रोज दुपारी, वर्षभर. एक दिवस लिहिलं: 'तिकडे घरकामाची मुलगी घरच्यांसोबत एकाच मेजावर जेवते आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.'

मी दोनदा विचारलं. "मडमसाहेब, खरंच?"

"माझ्या आईच्या घरी असंच होतं," ती म्हणाली.

आणि नाताळच्या सकाळी तीच म्हणालेली, आज सगळे मिळून जेवू. मेजाशी एक खुर्ची रिकामी होती. मी 'सगळ्यां'त स्वतःला धरलं. मूर्ख मी.

दुसऱ्या दिवशी मला आत बोलावलं. वही उघडी. शास्त्रीबुवा बाजूला उभे. मडमनं टाक शाईत बुडवून माझ्या हातात दिला.

"या ओळीनं लोकांचा गैरसमज होतो. तूच लिहिलीस, तूच खोड. मग ईस्टरला तुझा बाप्तिस्मा आणि कल्याणची मुलींची शाळा तुझ्याकडे."

शाळा! आयनं अख्ख्या वाड्याला सांगितलेलं, माझी पोर मास्तरीण होणार. आमच्यात कोणी बाई कधी खडू धरून उभी राहिली नव्हती. एक रेघ मारली की झालं.

शब्द माझे, अक्षर माझं, आणि खोडायचंही मीच. आपलीच मोरी अन् मुतायची चोरी.

"ओळ खोटी आहे का, मडमसाहेब?"

ती वहीवरून बोट फिरवत म्हणाली, "खोटी नाही. पण ती तिकडची आहे."

"मग मी नाही खोडणार."

"खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?" शास्त्रीबुवा कडाडले.

"खाल्लंय कुठे, शास्त्रीबुवा? ताट तर तसंच परत गेलं."

मडम रडली. रडली, पण वही मिटली नाही. शास्त्रीबुवांनी माझ्या हातातला टाक घेतला आणि पट्टी लावून सरळ रेघ मारली. मी त्याच दिवशी कल्याणला परत आले.

पुस्तक छापून आलं. मी बघितलं. सगळी वाक्यं माझी, तेवढी एक नाही. शाळाही निघाली. मास्तरीण दुसरी आणली. आय म्हणाली, "एक रेघ मारली असतीस तर काय हात झडला असता?" त्यानंतर ती माझ्याशी धड बोलत नाही. वाड्यातले म्हणतात, ना इकडची ना तिकडची. खरंच आहे. आता ठाकुर्लीपाशी बासोबत खडीची टोपली वाहते. मी खोडलं नाही म्हणून जगात काडीचंही हललं नाही, आणि हलेल असं वाटतही नाही.

परवा मडम लाईनीवर आलेली. उन्हात, छत्री घेऊन. थकलेली दिसली.

"परत ये गं. फक्त एकदा माफी माग. देव मोठा आहे."

टोपली डोक्यावर होती. मी ती खाली ठेवली नाही.

"कशाची माफी, मडमसाहेब?"

तिनं छत्री नुसती दुसऱ्या हातात घेतली. मी पुढे चालू लागले.

मान मोडेपर्यंत खडी वाहीन. बिनशाळेची, बिनबाप्तिस्म्याची मरेन. माफी मागणार नाही. तिच्याकडे नाही आणि तिच्या देवाकडेही नाही.