आठव्या ग्रहावरची बाई

केडगावात भिंगारदिव्यांच्या इसहाकला बॉस म्हणतात. इसहाक कुठं राहतो असं विचारलंत तर रिक्षावाला तुम्हाला तीन गल्ल्या फिरवून आणेल. बॉस म्हटलंत की थेट दारात. कंपनीत हा मशिनवर उभा असतो, वर सात साहेब आणि खाली कुणीच नाही, तरी बॉस. आता टीव्ही गेमच्या भाषेत बॉस कशाला म्हणतात ते बटणं बडवलेल्या माणसाला सांगायला नको. प्रत्येक स्टेजच्या शेवटी जो उभा असतो आणि ज्याला सगळ्यांनी मिळून मारायचं असतं, तो बॉस. इसहाकनं त्याचा कंपनीतला अर्थ घेतला. गल्लीनंही घेऊ दिला. फुकटची करमणूक कोण सोडतो?

हे नाव पडलं गोरक्षच्या बापाच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथं तेव्हा एक टीव्ही होता, दोन रिमोटांचा टीव्ही गेम होता आणि चित्रं निघून गेलेल्या दहा-बारा कॅसेटी. त्यातली एक अंतराळाची. डोक्यावर काचेचं भांडं घातलेला एक माणूस बंदूक चालवत, उड्या मारत आठ ग्रह पार करतो आणि आठव्यावर त्याला डोंगराएवढा खेकडा भेटतो. तो खेकडा आख्ख्या केडगावात कुणाच्या बापाला मेला नव्हता. मग एका मे महिन्यातल्या दुपारी, सगळी गल्ली लग्नाच्या पंगतीला गेलेली असताना, अठरा वर्षांच्या इसहाकनं शेडमध्ये एकट्यानं तो मारला.

पंगतीवरून आलेल्यांना त्यानं रंगवून सांगितलं. खेकडा फुटला, डोंगरात दार उघडलं, आतून पांढऱ्या कपड्यातली बाई आली. तिनं डोक्यावरचं काचेचं भांडं काढलं आणि हसली. गोरक्षचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. शेड याच्या बापाचं, टीव्ही याच्या बापाचा, आणि बाई बघितली भलत्यानंच. त्या दिवसापासून इसहाक बॉस झाला.

खरं काय घडलं ते इसहाकच्या पोटात राहिलं. खेकडा मेला होता, त्यात काही खोट नव्हती. पण त्यानंतर पडदा काळा झाला आणि परत पहिला ग्रह आला. तेच तीन खडक, तोच पहिला किडा, फक्त आता जरा जोरात पळणारा. दार नाही, बाई नाही, शाबासकीचं एक अक्षर नाही. एवढी बोटं झिजवून हाती काही लागलं नाही, हे अठराव्या वर्षी कोण कबूल करेल? त्यानं बाई बनवली.

ती बाई शेडमध्येच राहती तर बरं झालं असतं. पण चार वर्षांनी इसहाक सोनईला मुलगी बघायला गेला. मुलीचं नाव स्टेला. लहानपणी स्टोव्ह भडकून तिचा उजवा गाल भाजला होता आणि त्या गालापायी तीन स्थळं चहा पिऊन परत गेली होती. ती ट्रे घेऊन आली तीच मान वळवून. इसहाकनं कपबशी उचलली, तिच्याकडं नीट पाहिलं आणि आठव्या ग्रहाची सगळी गोष्ट सांगून म्हणाला, "तुमचा चेहरा अगदी तिच्यासारखा आहे."

एवढ्या एका वाक्यावर लग्न झालं. स्टेलानं त्यानंतर कधी फोटो काढताना मान वळवली नाही. बायका काही बोलल्या तर ती हसून म्हणायची, "आमच्या ह्यांनी मला आधीच बघितली होती. टीव्हीत."

आणि मग मोबाईल आले. कुणीतरी, कुठंतरी, तोच गेम शेवटपर्यंत खेळून त्याचा व्हिडिओ टाकला होता. तो गोरक्षला सापडला. गडी आता मांडव आणि एलईडीचा पडदा भाड्यानं देतो. त्यानं काय करावं? गल्लीच्या ग्रुपवर इसहाक होता, म्हणून त्याला वगळून दुसरा ग्रुप काढला आणि त्यावर व्हिडिओ टाकला. आठवडाभर गल्ली हसत होती. इसहाकला जो तो प्रेमानं विचारायचा, "बॉस, लग्नाला पंचवीस वर्षं झाली. यंदा काय करनार?"

गल्लीनंच मांडव घातला, गोरक्षनं आपला पडदा लावला. चर्च सुटल्यावर दीडशे माणूस जमलं. स्टेलाचा भाचा जोशुआ पुण्याहून जुने गेम भरलेली नवी डबी घेऊन आला. तो बिचारा खरंच मावशीला खूश करायला आला होता. "काका, मावशीला टीव्हीतला तिचा फोटो दाखवा की," असं म्हणून त्यानं रिमोट इसहाकच्या हातात दिला. दुसरा गोरक्षनं आधीच घेतला होता.

स्टेला पुढच्या खुर्चीत बसली, नव्या साडीत, सरळ मानेनं.

इसहाकला एकच वाट होती, लवकर मरायचं. खेकड्यापर्यंत पोचायचंच नाही. दुसऱ्याच ग्रहावर तो सरळ खड्ड्यात उतरला. तिसऱ्यावर दोनदा किड्यापुढं उभा राहिला. तिन्ही लाईफ संपल्या. "वय झालं राव," म्हणून रिमोट ठेवायला लागला.

"थांब बॉस," गोरक्ष म्हणाला. "माझी घे."

शेडमधला जुना रिवाज होता तो. दोघं खेळताना एकाचं संपलं तर जोडीदारानं आपली लाईफ द्यायची, म्हणजे बटण दाबायचं. त्या काळी सख्ख्या भावाला कुणी देत नसे. गोरक्षनं दिली. इसहाक पुन्हा मेला, त्यानं पुन्हा दिली. स्वतः गोळ्या चुकवत, लाईफ कमावत, मागनं येत राहिला.

"काय गोरक्षभाऊ, किती जीव लावता ह्यांना," स्टेला म्हणाली.

"वैनी, आज बाई बघितल्याबिगर सोडत न्हाई मी ह्याला."

माणसं रुमालात तोंड घालून हसली. आठव्या ग्रहावर इसहाकनं बटणांवरून बोटंच उचलली. खेकडा गोरक्षनं मारला.

पडदा काळा झाला. स्टेला खुर्चीत पुढं सरकली. परत पहिला ग्रह आला. तीन खडक. किडा.

"बाई कुठं गेली रं बॉस?" मागनं कुणीतरी विचारलं. "पंगतीला?"

मांडव फुटला. दीडशे माणूस पोट धरून हसलं, चर्चमधले वडीलधारेसुद्धा. जोशुआ डबीची वायर हलवून बघत होता. "काका, ह्यातला गेम वेगळा असेल."

"गेम तोच हाय," गोरक्ष म्हणाला. "विचार की त्याला."

स्टेलानं कुणाकडं पाहिलं नाही, फक्त इसहाककडं पाहिलं. "अहो, मग त्या दिवशी मला बघून तुम्हाला कोण दिसलं होतं?"

"तूच," इसहाक म्हणाला.

ते खरं होतं. सोनईच्या त्या खोलीत ती मान वळवून उभी होती आणि त्याला ती आवडली होती; बाईबिई नंतर सुचली. पण हे सांगायचं तर मांडवभर हशा चालू असताना, खोटं उघडं पडलेल्या तोंडानं सांगायचं. खरं कोण मानणार?

"पुरे झालं," स्टेला म्हणाली आणि मान वळवून पंगतीची पानं मांडायला उठली.