मराठीत निरोप

आमच्या समा भागातल्या सोसायटीतला तो फौजी पोरगा शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत गेला आणि तिथेच गोळी लागून मारला गेला. सुट्टीवर आला की माझी स्कूटर तपासायचा. “काका, तुमचा ब्रेक ढीलो छे हं!” असली त्याची गुजराती मिसळलेली मराठी, आणि मी पडलो शुद्ध मराठीचा स्वयंघोषित फौजदार. शेवटच्या वेळी रिक्षात बसताना तो, गुजरातीत निरोप घेताना ‘पुन्हा या’ म्हणतात तसं, म्हणाला, “आवजो, काका!”

“आवजो काय रे? मराठीत निरोप घे की!”

त्यानं बसल्या बसल्या कडक सलाम ठोकला. “बरं साहेब, जातो!”

गॅलरीतून त्याची आई ओरडली, “अरे, येतो म्हण, येतो!”

रिक्षाच्या आवाजात त्याला ते ऐकू गेलं नाही. मला गेलं. पण रिक्षा थांबवायची सोडून मी हसत उभा राहिलो.