विलास जिन्यानेच यायचा

विलास गेला ही बातमी खरी की खोटी, हे विचारायला मी विलासलाच फोन केला. ऑफिसच्या ग्रुपवर 'आपला विलास गेला' एवढाच मेसेज होता, आणि कसलीही शंका आली की इतकी वर्षं मी त्यालाच विचारत आलो होतो. बोट आपोआप तिकडेच गेलं. "अरे, तू गेलास म्हणतात, काय भानगड आहे?" मी बोलून मोकळा झालो. पलीकडून त्याच्या बायकोचा, सुनीतावहिनींचा आवाज आला, "भावोजी, तुम्ही मुलुंडला या."

आम्ही दोघं एका पॅथॉलॉजी लॅबची वेबसाइट सांभाळायचो. पेशंटला मोबाइलवर लिंक जाते आणि ती दाबली की रिपोर्ट उघडतो. त्या लिंकमध्ये एक प्रश्नचिन्ह असतं आणि त्याच्यापुढे पेशंटचा नंबर. सर्व्हरवरचा आमचा कोड तो नंबर वाचतो आणि तेवढाच रिपोर्ट बाहेर सोडतो. सोसायटीचा वॉचमन म्हणा ना. असा एक वॉचमन एकदा मी बसवला. नंबर आला तर त्याचाच रिपोर्ट दे, असं त्याला सांगितलं. नंबर आलाच नाही तर काय करायचं, ते सांगायचं राहिलं. वर "झकास चाललंय यार" म्हणत चहा प्यायला गेलो. विलासला एक खोड होती. कुठलीही लिंक दिसली की प्रश्नचिन्हापुढचं सगळं खोडायचं आणि रिकामी पाठवून बघायची. मी परत आलो तर हा पांढराफटक. स्क्रीनवर एकाखाली एक, लॅबच्या झाडून सगळ्या पेशंटांचे रिपोर्ट! "मेल्या, ह्या काय करून ठेवलंस?" घाबरला की तो मालवणीवर यायचा. त्याने साइट बंद केली. सर्व्हरची नोंद आम्ही पुन्हापुन्हा चाळली. त्याच्याखेरीज कुणी काही पाहिलं नव्हतं. सुटलो म्हणून मी हसलो. तो हसला नाही.

कारण सगळ्यात वरचा रिपोर्ट त्याच्याच बिल्डिंगमधल्या काळेकाकूंचा होता. नको तो रोग, नको त्या टप्प्यावर. काकूंनी तो अजून उघडलाही नव्हता... त्यांच्याआधी विलासने वाचला. "आता लिफ्टमध्ये भेटल्या तर मी कुठलं तोंड घेऊन उभा राहू रे?" तो म्हणाला. तेव्हापासून तो जिन्याने चढायला लागला. पाच मजले, धापा टाकत. "काय रे, फिगर सांभाळतोयस?" मी चिडवायचो. "तू आधी घाबरायला शिक," तो म्हणायचा. मी ते इतरांना नक्कल करून दाखवायचो, लोक हसायचे.

त्याच्या बाराव्याला गेलो तर लिफ्टमध्ये काळेकाकू. आजारातून उठलेल्या, ताठ. "विलासचे मित्र ना तुम्ही? चांगला होता हो. पण मी लिफ्टमध्ये दिसले की यायचाच नाही. माझं काही चुकलं होतं का?" ती लिफ्ट इतकी हळू चढते हे मला तोवर माहीत नव्हतं. "त्याला... व्यायामाची आवड होती," मी म्हणालो. दार उघडल्यावर मी आधी बाहेर पळालो.

आता वॉचमन माझ्या एकट्याच्या हातात. लॅबने मालाडला शाखा काढली, त्यामुळे प्रश्नचिन्हापुढे शाखेचं नावही घालायचं ठरलं. मी कोड लिहिला. नंबर गाळून पाहिला, शाखा गाळून पाहिली, एका शाखेचा नंबर दुसरीच्या नावावर पाठवला, शेवटी विलाससारखं सगळंच खोडून पाहिलं. वॉचमन दर वेळी "नाही" म्हणाला. तरी नवा कोड चढवायचं बटण दाबवेना. कुणाच्या तरी घरी कुणाचा तरी रिपोर्ट उघडतोय, ज्याचा त्याच्याआधी... एवढंच डोळ्यांसमोर येत होतं. आणि बोट पुन्हा विलासच्या नंबरवर गेलं.

"बोला भावोजी," वहिनी म्हणाल्या. फोन त्यांनी बंद केलेला नाही. या खेपेला मी निदान पलीकडचा आवाज ऐकून मग बोललो.

"वहिनी, सवयीने लागला हो. कामाचं होतं... जरा भीती वाटतेय."

"जरा?"

"तासभर नुसता बटणाकडे बघत बसलोय."

"मग खुशाल करा," त्या म्हणाल्या. "तुम्ही फोनवर 'झकास चाललंय' म्हणालात की हे भरल्या ताटावरून उठायचे."