राजूरच्या वाटेवर लेक बोलली

देवावरचा माझा विश्वास कधी ढळला नाही. ढळला होता तो पोटच्या पोरीवरचा. दिपाली दहावीला, वर्गात कायम पहिली. दिवाळीनंतर मात्र पुस्तक उघडं ठेवून भिंतीकडं बघत बसायची. डोळे जड, बोलणं अडखळत. मला वाटलं, कुणाची तरी नजर लागली. मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या, फरक शून्य. मंग चतुर्थीला तिला घेऊन राजूरच्या गणपतीला अनवाणी पायी जायचं ठरवलं.

आमच्याकडं कापूस वेचणीच्या दिवसांत बायकांच्या कमरेच्या पिशवीत सुपारीसोबत अंगदुखीच्या गोळ्यांचं पाकीट असतंच. कंबर धरली की घे एक, डोकं उठलं की घे दुसरी. डॉक्टरला कोण विचारतंय! अभ्यासानं लेकीचं डोकं दुखलं तेव्हा मीच तिच्या तळहातावर गोळी ठेवली होती आणि वर "गुणाची माझी बाई" म्हणाले होते.

अर्ध्या वाटेवर तिच्या तळव्यांना फोड आले. ती रस्त्याच्या कडेला बसली. मी सवयीनं पिशवीत हात घातला आणि गोळी काढून तिच्यापुढं धरली, तर पोरगी थरथरायला लागली. गोळी घेईना अन् गोळीवरची नजरही हटवेना. मागून चालत आलेली एक अनोळखी म्हातारी आमच्यापाशी थांबली. "गोळी कशाला देऊन राह्यलीस गं पोरीला? पाय दुखतेत तर पाय चोळ की!" असं म्हणत ती खालीच बसली, दिपालीचे पाय मांडीवर घेतले, आपल्या पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली आणि चोळायला लागली. परक्या बाईनं असे पाय धरले तसा पोरीचा बांध फुटला.

"आई, तुझ्या गोळ्या मी रोज खाते. आजीच्या झोपेच्याबी. त्याच्याबिगर झोप येत न्हाई, अन् मला सोडताबी येईना."

खोटं कशाला सांगू, मी हात उगारला. म्हातारीनं तो वरच्यावर धरला. "मारू नको. खरं बोलली ना ती? आता जल्दी डॉक्टरकडं ने. माझ्या नातवाचं आम्ही झाकून ठेवलं व्हतं." एवढं म्हणून तिनं पदरानं डोळे पुसले, उठली अन् पुढं चालायला लागली. तेलाची बाटली आमच्याकडंच राहिली. देवळाच्या गर्दीत तिला खूप शोधलं, पण ती सापडली नाही. कोण होती, ते गणपतीलाच ठाऊक.

दुसऱ्याच दिवशी दोघी जालन्याच्या दवाखान्यात गेलो. झोपेची गोळी एकदम तोडायची नसते म्हणून डॉक्टरबाईंनी ती हळूहळू कमी करत नेली. त्या महिन्यांत पोरीनं काय सोसलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. घामाघूम व्हायची, चिडायची, माझ्या गळ्यात पडून रडायची, पण चोरून एक गोळी खाल्ली नाही. दहावीला टक्के कमी पडले. नातेवाईक हळहळले. मी पेढे वाटले!

परवा तिच्या अकरावीच्या वर्गातल्या दोन पोरी दारात आल्या. त्यांना खोकल्याच्या औषधाची चटक लागलेली. दिपालीनं भर वर्गात उभं राहून स्वतःचं सगळं सांगितलं होतं, ते ऐकून तिच्याकडं आलेल्या. शेजारच्या काकूंनी ओसरीवरून विचारलं, "काय गं, पोरी कशाला आल्या?"

कबूल करते, राजूरच्या गाभाऱ्यात मी एकच मागणं मागितलं होतं: देवा, हे कुणाला कळू देऊ नको. ते त्यानं बाजूला ठेवलं आणि माझ्या पदरात अशी वाघीण टाकली. तेव्हापासून मी त्याला काय द्यायचं ते सांगत नाही, नुसते हात जोडते.

मी ओसरीवर गेले अन् साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्या लेकीला भेटायला आल्यात, काकू. तिनं गोळ्या सोडल्या, ह्यांनाबी औषध सोडायचंय."