न वाचलेला कागद

पनवेलला कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक गाळा, दोन मशीनं आणि एक काउंटर. आसपासच्या गावांतली माणसं कागद घेऊन यायची आणि त्यांचे कागद मी वाचायचे. ही माझी खोड होती, लपवत नाही. सातबारा, वारसनोंद, सोडचिठ्ठी, डॉक्टरचे रिपोर्ट. मशीन तापेपर्यंत दुसरं करायचं तरी काय? कुठल्या भावाने जमीन परस्पर विकली, हे मला त्याच्या बायकोच्या आधी कळायचं. मात्र दुकानातली गोष्ट मी दुकानाबाहेर नेली नाही आणि त्याचा मला अभिमानही होता.

आमच्याकडे महत्त्वाचा कागद म्हणजे लॅमिनेशन केलेला कागद. रेशनकार्ड असो की मार्कशीट, प्लास्टिकमध्ये बंद झाल्याशिवाय माणसाचा जीव भांड्यात पडत नाही. माझं पोट त्यावरच चालायचं. फक्त बिलाचा गुळगुळीत कागद मी मशीनमध्ये कधी घालत नसे, कारण उष्णता लागली की तो पार काळा पडतो. पहिल्याच वर्षी एका मावशींच्या मिक्सरची पावती मी अशी घालवली होती. तेव्हापासून बिल आलं की आधी त्याची झेरॉक्स काढायची आणि लॅमिनेशन त्या झेरॉक्सचं करायचं, असा माझा नेम होता.

शेजारच्या गाळ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. मालक कोकणी मुसलमान, पन्नाशीला आलेले, बरीच वर्षं आखातात काढून परतलेले. मी त्यांना भाई म्हणायचे, ते मला ताई. दुपारचा चहा आम्ही निम्मा निम्मा घ्यायचो. तिकडे असताना त्यांच्या भाच्याने त्यांना थोडे बिटकॉइन घेऊन दिले होते. तेव्हा बिटकॉइनला कोणी विचारत नव्हतं. नोटाबंदीच्या पुढच्या वर्षी मात्र जो तो त्याच्याच गोष्टी करू लागला.

"ताई, आता परत जायची गरज नाय," भाई एकदा चहा घेताना म्हणाले. "पोरीला फार्मसी करायचीय. तिचं सगळं त्याच्यात होईल. मी इथंच ऱ्हाईन."

मुलगी तेव्हा सातवीत होती. तिच्या लहानपणी ते घरी नव्हते, ही गोष्ट त्यांच्या मनातून जात नसे.

आणि तेव्हापासून ते घाबरू लागले. कोणाच्या तरी नंबरचं दुसरं सिम काढून चोराने त्याचं सगळं नेलं, कुठली तरी वेबसाइट लोकांचे कॉइन घेऊन बंद पडली, असं काहीबाही ते रोज मला वाचून दाखवायचे. शिवाय दिवसभर दुसऱ्यांचे फोन उघडून बसणाऱ्या माणसाचा फोनवर विश्वास राहणार कसा? गिऱ्हाईक फोन ठेवून जातं आणि वर पासवर्डही सांगून जातं. फोनमध्ये काय काय सापडतं ते भाईंना ठाऊक होतं.

त्यांनीच मला समजावलं की त्या कॉइनची किल्ली म्हणजे ओळीने लिहिलेले बारा इंग्रजी शब्द. ज्याच्याकडे शब्द, त्याचा माल. मध्ये बँक नाही, मॅनेजर नाही, हरवलं तर अर्ज करायला खिडकीही नाही. म्हणून ते शब्द कागदावर घ्यायचे आणि फोनमधून सगळं पुसून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. साऱ्या जगात एकच प्रत.

एका सकाळी ते माझ्याकडे आले. हातात जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचे दोन चौकोनी तुकडे होते.

"लॅमिनेशन करायचंय. पण मध्ये ठेवतो ते तुमी बघू नका. पाठ फिरवा जरा."

मी म्हटलं, "झेरॉक्स काढून ठेवू का एक?"

"नको नको. तुमच्या मशीनच्या पोटात ऱ्हाते ती."

मला राग आला. इतकी वर्षं अख्ख्या तालुक्याचे कागद माझ्या हातून गेले आणि हा शेजारी मला पाठ फिरवायला सांगतो. समोर कपाटाची काच होती. नजर जरा वर केली असती तर काचेत सगळं दिसलं असतं. एरवी मी नक्की पाहिलं असतं. त्या दिवशी हट्टाने खाली फरशीकडे बघत राहिले. बघायचं नाही ना, मग नाहीच बघणार.

त्यांनी पुठ्ठ्यांच्या मध्ये कागद ठेवला आणि ते लॅमिनेशनच्या प्लास्टिक पाऊचमध्ये घालून पाऊच माझ्या हातात दिलं. कोणी उघडायचं म्हटलं तर कापावंच लागेल आणि कापलेलं लगेच कळेल, अशी त्यांची युक्ती होती. पाऊच जाड झालं होतं. कडा नीट चिकटेनात, म्हणून मी ते दोनदा फिरवलं. काम चोख झालं. पैसे घेतले नाहीत, तेही रागानेच.

मुलगी अकरावीत असताना एका दुपारी भाई ते पाऊच घेऊन आले. तिच्या क्लासची फी भरायची होती. "ताई, कात्री द्या," म्हणाले आणि माझ्यासमोरच त्यांनी कड कापली. या वेळी पाठ फिरवायला सांगितलं नाही. पुठ्ठे वेगळे केले. आत बिलाच्या कागदाची पट्टी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी.

मला बघताक्षणी समजलं. तरी विचारलं, "हे कशावर काढलं होतं, भाई?"

"बिलाच्या मशीनवर. ते इंटरनेटला जोडलेलं नाय ना. माझं इंग्रजी अक्षर तुमाला माहीत हाय, एखादं चुकलं तर? आणि बिलावरची अक्षरं उडतात, म्हणून तर लॅमिनेशन..."

मी सांगितलं. त्यांनी पट्टी उजेडात धरली, नखाने खरवडली. पाच शब्द त्यांना आठवत होते, क्रम आठवत नव्हता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुमी थोडं तरी बघितलं असेल ना? तुमी तर सगळं वाचता."

मी नाही म्हटलं. ते खरं होतं आणि ते सांगताना मला जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नाही. शब्द पाठ झाले नसते कबूल, पण पट्टी नुसती दिसली असती तरी मी मशीन बंद केलं असतं.

भाईंनी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. दोन महिन्यांत त्यांनी गाळा भाड्याने दिला आणि ते पुन्हा आखातात गेले. तिकडे आता दुरुस्तीचं काम मिळालं नाही, कुठल्याशा गोदामात लागले. दुपारचा चहा मी अर्धाच मागवू लागले.

मुलीचा बारावीचा निकाल लागला त्या उन्हाळ्यात ते सुट्टीवर आले होते. थकलेले दिसत होते. मार्कशीट त्यांनी काउंटरवर सरळ ठेवली, अक्षरं माझ्याकडे करून. मी सवयीने पाऊच उघडायला घेतलं, तर त्यांनी माझ्या हातातून ते काढून बाजूला ठेवलं.

"अगोदर वाचा, ताई," म्हणाले. "सगळं वाचा."

मी चष्मा लावला आणि तिच्या नावापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.