घरचं गाणं

माझ्या नवऱ्यानं माझ्यासाठी कधी गाणं म्हटलं नाही, आणि भोरमध्ये ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती. तशी ह्यांनाही ठाऊक असणारच, पण आपण काय केलं नाही ते माणूस कशाला लक्षात ठेवेल? बाकी सगळ्या गावाला वाटायचं, या बाईनं मागच्या जन्मी काय पुण्य केलं होतं कोण जाणे.

हे प्रेमाची गाणी म्हणायचे. संथ चालीची, गोड शब्दांची, चांदण्याची आणि वाट बघण्याची. दिवसा बाजारपेठेत कापडाच्या दुकानात कापड मोजून फाडायचं आणि संध्याकाळी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून टेम्पोत बसायचं, असं चाळीसएक वर्षं चाललं. उत्रोलीतली हळद असो, वेल्ह्याची जत्रा असो, नाहीतर भोरमधला गणपतीतला कार्यक्रम असो, ह्यांच्याशिवाय व्हायचा नाही. शहरातून कुणी नावाजलेला गायक आणला, तरी लोक मागून ओरडायचे, आपलं माणूस कुठंय?

माझं माहेर गुंजवण्याचं. आमच्याकडे भातलावणीला बायका गात, देवळात भजन होई, पण पुरुषानं चारचौघांत उभं राहून ‘तुझ्याविना करमत नाही’ म्हणायचं, हे कुणी पाहिलं नव्हतं. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी वेल्ह्याला शाळेच्या मैदानात ह्यांचा कार्यक्रम होता. माझा थोरला भाऊ मोठ्या कौतुकानं आला, पुढच्या सतरंजीवर बसला. ह्यांनी डोळे मिटून, एक हात पुढे करून गायला सुरुवात केली आणि दुसऱ्या कडव्याला भाऊ उठून निघून गेला. दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर भेटला तर माझ्याकडे न बघता म्हणाला, “दाजींचा गळा ग्वाड हाय. पर मानसांत असलं म्हनायचं, जरा लाज वाटती बग.”

मलाही वाटायचीच. नळावर गेले की बायका कालच्या गाण्याची ओळ गुणगुणायच्या आणि माझ्याकडे बघून हसायच्या. मी घागर भरायच्या आधीच लाल व्हायची. जणू माझ्या घरातलं काहीतरी ह्यांनी भोंग्यावरून गावभर वाटलं होतं.

आणि घरात काय होतं? घरात शांतता होती. ह्यांना आवाज जपायचा असायचा. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावंच लागे, मंचावर गावंच लागे, मग आवाज वाचवायला एक घरच उरायचं. कपावर चमचा वाजला की चहा. तांब्यावर बोट वाजलं की गरम पाणी. हात गळ्याशी गेला की ज्येष्ठमध आणि खडीसाखर. लग्नसराईत तर आठवडेच्या आठवडे हे तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे बसायचे. मुलं लहान होती तेव्हा तीही खुणांनीच बोलायची. वाईट माणूस नव्हते हो. कधी हात उगारला नाही, पगार आणून माझ्या हातात द्यायचे, मी आजारी पडले तर स्वतः भात टाकायचे. पण तोही मुक्यानं.

आमच्या शेजारी ह्यांचे तबलजी राहायचे. त्यांच्या बायकोला आम्ही भाभी म्हणतो. भोरमध्येच जन्मलेल्या, तोंडानं फटकळ, मनानं मऊ. एकदा आम्ही दोघी नदीवर धुणं धूत होतो. आदल्या दिवशी कार्यक्रम झालेला, त्यामुळे भाभी खुशीत होत्या. म्हणाल्या, “वैनी, आमचं मानूस घरात पन तबलाच बडवतं, ताटावर, पाटावर, माज्या डोक्यावर. तुमचं बरंय. तुमास्नी गानी ऐकाया मिळत असतील.”

मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांच्या नजरेत इतकं कौतुक होतं, की मला ‘नाही’ म्हणायचीच लाज वाटली. बाहेर जगासाठी गातात आणि घरात बायकोशी चमच्यानं बोलतात, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मी म्हटलं, “म्हंत्यात की. सकाळी चहाच्या येळंला.”

भाभींनी हातातली चादर तशीच पाण्यात सोडली. “कंचं?”

“हाय एक. त्यांनीच केलंय. बाहेर कुठं म्हनत न्हाईत. घरात बी इतक्या हळू म्हंत्यात, की भिंतीपल्याड आवाज जात न्हाई.”

“कशावर हाय?”

मला एकदम माझ्या माहेरची नदी आठवली. “गुंजवणी हाय त्यात,” मी म्हटलं.

एवढंच. पण खोटं एकदा बोललं की ते पोसावं लागतं. भाभींनी दुसऱ्या कुणाला सांगितलं, तिनं येऊन मला विचारलं, आणि मी थोडा मीठमसाला लावला. गाणं कधी पावसाळ्यात लांबायचं, कधी मी रुसले की दोनदा म्हटलं जायचं. मी अंगणवाडीत कामाला होते, तिथल्या सोबतिणींना ते ठाऊक झालं. नवीन लग्न झालेल्या पोरी आपल्या नवऱ्यांना माझं उदाहरण द्यायच्या. मी मान खाली घालायची आणि त्यांना वाटायचं, बाई लाजतेय. लाजतच होते, पण ती लाज निराळी होती.

पुढे हळदीला डीजे आले. ह्यांचे कार्यक्रम कमी होत होत थांबले. तबलजी गेले. ह्यांचा गळाही जाड झाला, वरचा सूर लागेना. आता आवाज वाचवायचं काही कारण उरलं नव्हतं, पण सवय उरली होती. कपावर चमचा अजून वाजायचा.

गेल्या वर्षी गावातल्या तरुण पोरांनी ठरवलं, की ह्यांचा सत्कार करायचा. कार्यालय घेतलं, फ्लेक्स लावला, मोबाईलवर सगळीकडे निमंत्रण फिरवलं. त्यात लिहिलं होतं, की तबलजींच्या पत्नी आठवणी सांगतील. ते वाचलं आणि माझी पाचावर धारण बसली. भाभी काय सांगणार हे मला पक्कं माहीत होतं. आणि ते ऐकायला हे समोर, खुर्चीवर असणार होते.

मी भाभींकडे गेलेही. म्हटलं, जास्त काही सांगू नका, ह्यांना आवडत नाही. भाभी हसल्या. “तुमी गप बसा वैनी. आयुष्यात पैल्यांदा माइक मिळतोय मला.” त्याच वेळी खरं सांगून टाकायला हवं होतं. ओठांपर्यंत शब्द आलेही होते. पण इतक्या वर्षांनी त्या बाईला काय सांगायचं, की तुम्ही ज्याचा हेवा केलात ते नव्हतंच? मी चहा पिऊन परत आले.

रविवारी दुपारी कार्यालय भरलं. वेल्ह्याहून, उत्रोलीहून माणसं आलेली, काहींच्या हळदीत हे गायलेले, आणि आता ती नातवंडं घेऊन बसलेली. शाल झाली, नारळ झाला. मग भाभी उठल्या. तबलजींबद्दल थोडं बोलल्या, पदर डोळ्याला लावला आणि एकदम उजळल्या. “तुमी समद्यांनी ह्यांची लई गानी ऐकली,” त्या म्हणाल्या. “पर एक कुनीच ऐकलं न्हाई. ते फकस्त आमच्या वैनींसाटी हाय. रोज सकाळी चहाच्या येळंला म्हंत्यात. गुंजवणी नदी हाय त्यात.”

सगळं कार्यालय माझ्याकडे वळलं. मी बायकांच्या पहिल्या रांगेत होते. हातातला गजरा मी इतका चुरगाळला, की फुलं मांडीवर पडली. ह्यांच्याकडे बघायचं धाडस होईना. निवेदन करणारा पोरगा उत्साही, तो माइक घेऊन थेट ह्यांच्यापाशी गेला. “काका, आज दोनच ओळी. नाही म्हणायचं नाही.” लोक टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी मोबाईल वर धरला.

आता हे म्हणणार, कसलं गाणं? साधं, खरं तेच बोलणार. आणि मी उद्यापासून या गावात तोंड कुठं लपवणार? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी मी मान वर केली. हे माझ्याकडेच बघत होते. मग त्यांनी माइक घेतला.

“ते घरचं गानं हाय,” हे म्हणाले. “हितं न्हाई म्हनायचं.”

टाळ्या थांबता थांबेनात. भाभींनी डोळे पुसले. पोरं शिट्ट्या मारत होती. आणि मी सुटले म्हणून मला बरं वाटायला हवं होतं, पण तसं झालं नाही. हे भर मंचावर माझ्यासाठी खोटं बोलले होते, शेकडो माणसांसमोर, आणि आता ते खोटं आमच्या दोघांचं झालं होतं.

आम्ही चालतच घरी आलो. पुलावर आल्यावर ह्यांनी विचारलं, “लई वर्सं सांगतीयास?”

“व्हय,” मी म्हटलं.

पुढे घरापर्यंत मी वाट बघत होते, ते रागावतील. रागावले असते तर सोपं गेलं असतं. जेवताना मीच म्हटलं, “चुकलं माजं. तुमाला मान खाली घालाया लावली म्या.” त्यांनी ताटातून मान वर केली. “तुजं काय न्हाई,” ते म्हणाले. “भाभी बोलाया लागल्या तवा मलाच लाज वाटली.” आणि पुन्हा जेवायला लागले. त्यांना कशाची लाज वाटली ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं, आणि ते माझ्या लाजेपेक्षा जड होतं.

सकाळी मी चहा ठेवला. शेजारच्या अंगणात भाभी तांदूळ निवडत बसल्या होत्या, आमचं दार नेहमीसारखं उघडं होतं. मी रिकामा कप आणि चमचा ह्यांच्यापुढे ठेवला आणि चमच्याचा आवाज येईल म्हणून थांबले. तो आला नाही.

“अगं,” हे म्हणाले. “चाल काय सांगितली हुतीस त्यांना?”

“चाल न्हाई सांगितली. नदी हाय म्हनले, एवढंच.”

ह्यांनी मान हलवली. कप बाजूला सारला. बोटं मांडीवर हळूहळू ठेका धरू लागली. मग त्यांनी घसा साफ केला, दोनदा, तीनदा, मंचावर जायच्या आधी करायचे तसा, आणि गुंजवणी एवढा एकच शब्द सुरात लावायचा प्रयत्न केला. आवाज फाटला. त्यांनी तोच शब्द पुन्हा घेतला, जरा खालच्या पट्टीत, डोळे न मिटता, माझ्याकडे बघत.

बाहेर भाभींच्या सुपाचा आवाज थांबला. हे गाणं ऐकायला त्या इतकी वर्षं थांबल्या होत्या. मी उठले आणि दार लावून घेतलं.