धोंड्याच्या वाणातली पट्टी

आमच्या धाकट्या जावयांनी आयुष्यात न थांबता घेतलेली एकच वस्तू मी पाहिली, ती म्हणजे चहा. बाकी प्रत्येक गोष्टीला त्यांचं एकच उत्तर असे. "थोडं थांबा मामी, पुढचं येतंय." पंखा घ्यायचा तर पुढच्या उन्हाळ्यात कमी आवाजाचा येणार. स्कूटर घ्यायची तर पुढच्या वर्षी कमी पेट्रोल खाणारी येणार. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा माझ्या मंदानं पुठ्ठ्यानं वारा घेत काढला आणि हे शेजारी बसून पंख्यांची माहितीपत्रकं वाचत होते. निदान त्या कागदांनी तरी वारा घालावा? तेही नाही. घड्या पडतील म्हणून.

मंदाला बघायला आले तेव्हा पोहे खाताना त्यांची नजर आमच्या खिडकीवर. जाताना म्हणाले, खिडकी चुकीच्या भिंतीला आहे. मुलीबद्दल विचारलं तर म्हणाले, थोडं थांबू. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण एवढं मला कळलं. मीच निरोप धाडला, "ही आमची शेवटचीच. हिच्या मागून पुढची येणार नाही." आठ दिवसांत होकार आला.

धाकटे आर्किटेक्ट होते. शेवगावात तेव्हा हा शब्द कुणाच्या तोंडात बसत नसे, म्हणून सगळे त्यांना इंजिनेर म्हणत आणि ते प्रत्येकाला दुरुस्त करत. आमच्या मालकांनी, म्हणजे मंदाच्या वडिलांनी, घराची रस्त्याकडची खोली त्यांना ऑफिससाठी दिली. राहायला ते पलीकडच्या गल्लीत. त्यामुळे कुणाला घरजावई म्हणता येत नव्हतं, पण दोन्ही वेळचं ताट आमच्याकडेच असे. हातात मात्र कला होती, ते नाकारणार नाही. दिव्याच्या काचेसारख्या पारदर्शक कागदावर शाईच्या पेननं रेघ ओढत ती पाहत बसावी अशी. चुकली तर अर्ध्या ब्लेडनं इतकी हलके खरवडत की कागदालाही कळू नये. एवढी कला, आणि कामं मिळत ती जिन्यांची, गच्चीवरच्या खोल्यांची आणि एका पिठाच्या गिरणीची.

पंच्याण्णवच्या सुमारास त्यांना कॉम्प्युटरचं वेड लागलं. वेड लागलं म्हणजे घेतला असं नाही. पुण्याला जायचं, कागदांचा भारा घेऊन यायचं आणि माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मला समजावत राहायचं, कारण बाकी सगळे उठून जात आणि मला भाकरी सोडून जाता येत नसे.

"मामी, प्रोसेसर म्हणजे तुमची शेगडी. मेमरी म्हणजे ओटा. हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. नुसत्या रेघांचा नकाशा काढणं म्हणजे चहा करणं, तो कशावरही होतो. पण इमारतीचं रंगीत चित्र, त्यात ऊन, सावली, काचेत दिसणारं झाड, हा लग्नाचा स्वयंपाक. शेगडी मोठी आणि ओटा एवढासा असला तर पराती ठेवायच्या कुठं? सारखं फडताळात ठेवा, फडताळातून काढा. सगळा दिवस त्यातच."

"आणि पंगत कधी बसायची?" मी विचारलं.

"थोडं थांबा. चारशे शहाऐंशी आता मागं पडला. पेंटियम आलाय. पण त्यातही पुढचा येतोय. आज घेतला तर सहा महिन्यांत जुना होईल."

"माणूसही होतो," मी म्हटलं.

त्यावर ते पडदा किती इंची घ्यावा याकडे वळले. मोठा पडदा घेतला तर गिऱ्हाईक खूष, पण मग मेमरीत हात आखडावा लागतो. मेमरी वाढवली तर पडदा लहान. हे कोडं त्यांनी दीड वर्ष सोडवलं. माझ्या सगळ्या भाकऱ्या त्या दीड वर्षात एका बाजूनं करपल्या.

मग गावातल्या एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह निघालं. आईबाप ऊसतोडीला गेले की मागं राहणाऱ्या मुलींची शाळा सुटायची, त्यांच्यासाठी. इमारत मोठी होती. नगरच्या एका आर्किटेक्टनं कॉम्प्युटरवरचं रंगीत चित्र दाखवून कमिटीचे डोळे दिपवले होते. कमिटी धाकट्यांना म्हणाली, तुम्ही गावचे जावई, तुमचंही रंगीत दाखवा, मग ठरवू. धाकट्यांनी घरात जाहीर केलं की हे काम मिळालं तर शेवगाव, नाहीतर ऑफिस बंद आणि पुण्यात नोकरी. मंदाला इथल्या शाळेत नुकतीच मास्तरणीची जागा मिळाली होती. तिला पुणं नको होतं. तिनं एसटीडीच्या खोपट्यात जाऊन पुण्याच्या दुकानदाराला स्वतः फोन लावला. "आज जे आहे ते द्या. पुढचं आलं तर आम्हाला कळवू नका."

मशीन आलं. धाकटे त्याच्याकडे दुसऱ्याच्या पोराकडे बघावं तसं बघत. चित्र सुरू केलं की अर्ध्यावर अडकायचं. म्हणाले, ओटा कमी पडतोय, मेमरीच्या आणखी दोन पट्ट्या हव्यात. नेमका धोंड्याचा महिना चालू होता. मालकांनी विचारलं, जावईबापू, वाणात काय हवं? अंगठी मागायची सोडून यांनी पट्ट्या मागितल्या. स्वतःच पुण्याहून आणल्या आणि मालकांच्या हातात दिल्या. मालकांचं आडतीचं दुकान, तुरीचा लिलाव चालू होता. त्यांनी पुडकं घरी धाडलं आणि सांगितलं, "जावयांचं आहे, ताटात ठेव."

मी उघडलं. चांदीसारख्या चकचकीत दोन पिशव्या. प्रत्येकीत बोटभर रुंद हिरवी पट्टी, कडेला सोनेरी किनार. जावई दोन, पिशव्या दोन. आमच्या घरात एका जावयाला टोपी तर दुसऱ्यालाही टोपी, ही रीत माझ्या सासूपासूनची. मी दोन्ही ताटांत कापड, अनारसे, दिवा आणि एकेक पिशवी ठेवली. यात माझं काय चुकलं हे मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.

थोरले जावई राहुरीकडचे. ऊस, गाई आणि एक टेम्पो. मानाला फार कडक, पंगतीत पापड उशिरा आला तर उठून जातील. त्यांनी पिशवीतली पट्टी उजेडात धरली.

"मामी, ह्ये काय हाय? कडंला सोनं दिसतंय की!"

धाकट्यांच्या तोंडात पुरणाचा धोंडा तसाच राहिला. "ती माझी आहे. दोन्ही माझ्याच आहेत!"

"साडू, तुमच्या ताटात एक हाय का न्हाई? मंग माझ्या ताटात हात कशाला घालता?"

"अहो भाऊ, त्या जोडीनंच लागतात. एकटी लावली तर मशीन तिला ओळखतच नाही."

"मला तरी ह्या घरात कोन वळखतंय?" थोरले म्हणाले. "इंजिनेर आल्यापास्नं आमी टेम्पोवाले."

पट्टी खिशात घालून, सुमनला, म्हणजे माझ्या थोरलीला, पुढं घालून ते निघून गेले. धाकटे माझ्या मागं लागले, मामी, तुम्ही मागा. मी नाही म्हटलं. वाण दिलं की दिलं. मागून घेतलेल्या वाणाचं पुण्य नाही आणि तोंड दाखवायलाही जागा नाही. शिवाय थोरले बोलले त्यात खोटं काही नव्हतं. पाहुणे आले की मालक धाकट्यांची ओळख आधी करून देत. धाकट्यांनी पुण्याला फोन करून तशीच दुसरी पट्टी मागितली. दुकानदार म्हणाला, माल संपला साहेब, थोडं थांबा, पुढचा येतोय. मंदा इतकी हसली की तिला ठसका लागला.

कमिटी रविवारी येणार होती. शुक्रवारी धाकटे एसटीनं राहुरीला गेले. पुढचं सुमननं सांगितलं. थोरले गोठ्यात धार काढत होते. धाकटे चिखलात बूट सांभाळत उभे. "भाऊ, जरा बोलायचं होतं."

"थांबा साडू, थोडं थांबा. पुढची धार येतीया."

गोठ्यातल्या सगळ्या गाई होईपर्यंत त्यांना उभं ठेवलं. मग घरात नेलं. पट्टी देव्हाऱ्यात होती, हळदीकुंकू लावून. धाकटे म्हणे फुंकर मारून ती साफ करायला धावले.

"वाण माझं हाय, ते माझंच ऱ्हानार," थोरल्यांनी सांगितलं. "मी घिऊन यीन, माझ्यासमोर लावा, काम झालं की काढून नीन. आन् मला नवा गोठा बांधायचा हाय, त्याचं चित्र आधी."

"आधी वसतिगृह झालं असतं तर..."

"आधी गोठा. गाई थांबत न्हाईत."

शनिवारी सकाळी थोरले टेम्पो घेऊन हजर. सदऱ्याच्या खिशात चांदीची पिशवी. धाकट्यांनी नकाशे खोडायचं रबर घेतलं आणि सोनेरी किनारीवरचं हळदीकुंकू इतक्या नाजूक हातानं पुसलं की मला ते ब्लेडनं रेघ खरवडणारे धाकटे परत दिसले. दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी बसल्या. मशीननं ओळखल्या. थोरले खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. चित्र वरून खाली एकेक ओळ उतरत होतं, भिंतीला चुना द्यावा तसं. आधी पत्रा आला, मग खांब, मग गव्हाणी.

"गाई कुटं हायेत?"

"गाई काढायला फार वेळ लागतो, भाऊ."

"मंग रिकाम्या गोठ्याचं काय करू? पूजा?"

धाकट्यांनी एक गाय काढली आणि तिच्याच नकला ओळीनं मांडल्या. थोरल्यांनी मान वाकडी करून पाहिलं. "समद्या एकीकडंच बघत्यात. साप निघाला का काय?" तरी खूष झाले. जेवताना मालकांनी त्यांना आधी वाढायला सांगितलं, तेही त्यांनी पाहिलं.

रविवारी वसतिगृह पडद्यावर उभं होतं. मी चांगलं म्हणणारी बाई नाही, पण ते चांगलं होतं. ओसरीवर ऊन तिरकं आलेलं, खिडक्या वाऱ्याच्या बाजूला, आत जाणाऱ्या दोन मुलींच्या सावल्या. कमिटीचे पाचही जण पडद्याजवळ सरकले. अध्यक्ष म्हणजे निवृत्त झालेले मास्तर. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "आमचं ठरलं. इंजिनेर, भूमिपूजनाचा दिवस सांगा."

मंदा दारात उभी होती. तिनं माझा हात धरला. धाकट्यांना एक शब्द बोलायचा होता. हो.

धाकटे पडद्याकडे बघत होते. "थोडं थांबा, सर," ते म्हणाले. "हे काहीच नाही. दोनतीन महिन्यांत नवीन मशीन येतंय. त्यावर इमारतीच्या आतून चालत गेल्यासारखं दाखवतो. मग नक्की करू."

थोरले मागून पुटपुटले, "साडू, हो म्हना की."

अध्यक्ष म्हणाले, "आम्हाला आतून चालून बघायचं नाही. पोरींना राहायचं आहे. तोडीचा हंगाम सुरू व्हायच्या आत पाया भरला पाहिजे."

"बरोबर आहे. पण थोडं थांबलात तर..."

ते थांबले नाहीत. चहा पिऊन गेले. नगरचा रंगीत चित्रवाला त्यांना फार महाग पडत होता. शेवटी बांधकाम खात्यातल्या एका निवृत्त ओव्हरसियरनं वहीच्या कागदावर पेन्सिलीनं काढून दिलं आणि दिवाळीच्या आत पाया भरला. ते वसतिगृह आजही आहे. खोक्यासारखं दिसतं, खिडक्या चुकीच्या भिंतीला. पण मुलींच्या ओढण्या वाळत असतात.

धाकट्यांनी ऑफिस बंद केलं. पुण्यात एका बड्या बिल्डरकडे नोकरी लागली. काम काय? तर नकाशे काढणाऱ्यांसाठी कोणतं मशीन घ्यावं ते निवडायचं. पगार घेऊन थांबायची नोकरी. जगात कुणाचं कुठं जमेल सांगता येत नाही. मंदानं शाळेत राजीनामा दिला. ती रडली नाही. माझीच मुलगी.

सामान न्यायला थोरले न सांगता टेम्पो घेऊन आले. खाट, कपाट, मशीन, सगळं त्यांनीच दोरानं आवळलं. मग सदऱ्याच्या खिशातून चांदीची पिशवी काढली आणि पुढं केली. "घ्या साडू. जोड फोडू नये."

धाकट्यांनी पिशवी उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. "राहू द्या, भाऊ. पुढच्या मशीनला ही बसतच नाही. आता वेगळी येतेय."

थोरल्यांचा चेहरा मी पाहिला. मला राहवलं नाही. "जावईबापू," मी म्हटलं, "आमची मंदा तरी बसते का पुढच्या मशीनला?"

पहिल्यांदाच ते 'थोडं थांबा' म्हणाले नाहीत. खाली बघितलं, मग एकदम हात पुढं केला. पण थोरल्यांनी तोवर पिशवी खिशात टाकून टेम्पो चालू केला होता.

धाकटे आता सणावारी भेटतात. केस गेले, सवय गेली नाही. कॉम्प्युटरवर काढलेली त्यांची चित्रं पुष्कळ आहेत, असं मंदा सांगते. पण आमच्या जिल्ह्यात त्यातली खरोखर उभी राहिलेली इमारत एकच. राहुरीच्या पुढं, रस्त्याच्या डाव्या हाताला. थोरल्यांनी ती त्याच वर्षी बांधली, चित्रात होती तश्शी. वारा चांगला खेळतो, दुपारीही ऊन आत येत नाही. आत गाई राहतात, आणि त्या सगळ्या एकीकडं बघत नाहीत.